जर्मनकडे जाणारी मराठीची वाट

जर्मनीत नव्याने गेलेला मराठी विद्यार्थी नोव्हेंबरातल्या एखाद्या सकाळी बसथांब्यावर कुडकुडत उभा असतो. शेजारच्या ओळखीच्या माणसाला तो सांगतो, "इश बिन काल्ट." एकेक शब्द बरोबर असतो: इश म्हणजे मी, बिन म्हणजे आहे, काल्ट म्हणजे थंड. ऐकणाऱ्याच्या कानावर मात्र वेगळाच अर्थ पडतो, की हा माणूस स्वतःला भावनाशून्य, थंड स्वभावाचा म्हणवून घेतो आहे. अशा वेळी जर्मन माणूस म्हणतो, "मिअर इस्ट काल्ट", म्हणजे शब्दशः "मला थंड आहे." आपणही घरी "मी थंड आहे" असे म्हणत नाही, "मला थंडी वाजते" असेच म्हणतो. त्या विद्यार्थ्याने मराठीत विचार केला असता, तर वाक्य चुकले नसते. त्याने आधी मनात इंग्रजी वाक्य उभे केले आणि मग त्याचे शब्द एकेक करून जर्मनमध्ये बदलले, म्हणून ते चुकले.

मराठी माणूस जर्मन शिकतो तो बहुतेक वेळा इंग्रजीच्या वळशाने, आणि या वळशात बरेच काही हरवते. वर्गातली पुस्तके, मोबाइलवरची अ‍ॅप, शब्दकोश हे सारे इंग्रजी वाचकाला समोर ठेवून लिहिलेले असते. तीन लिंगे, विभक्ती, वाक्याच्या शेवटी येणारे क्रियापद, आदरार्थी सर्वनाम या गोष्टी तिथे मोठ्या अडचणी म्हणून मांडल्या जातात, कारण आजच्या इंग्रजीत त्या जवळजवळ उरलेल्या नाहीत. मराठीत त्या सगळ्या आहेत आणि आपण त्या रोज वापरतो. 2024 साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला. तेव्हापासून परिचारिका, वीजतंत्री, वाहनदुरुस्ती करणारे असे अनेकजण जर्मनकडे वळत आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांचे शिक्षण मराठी माध्यमातून झालेले आहे. इंग्रजी कच्चे म्हणून जर्मनही जमणार नाही, ही त्यांच्या मनातली भीती निराधार आहे, हे सांगण्यासाठी हा लेख लिहितो आहे.

आधी लेखनाबद्दल थोडे. इथे जर्मन शब्द देवनागरीत लिहिले आहेत आणि ते उच्चाराच्या जवळ जाणारे आहेत, हुबेहूब नव्हेत. ज्या शब्दांच्या शेवटी अनुस्वार दिसेल, उदाहरणार्थ "बिटं" किंवा "हाबं", तो नाकात म्हणायचा नाही. "केलं", "गेलं" या शब्दांच्या शेवटी आपण जो उच्चार करतो, तोच तिथे करायचा. जर्मनमध्ये शब्दाच्या शेवटी येणारा आघातहीन ए असाच ऐकू येतो.

आता पुन्हा त्या "मिअर"कडे येऊ. मिअर हे "मी"चे चतुर्थीचे रूप, म्हणजे आपले "मला". एखादी गोष्ट आपण करत नसून ती आपल्याला होते किंवा वाटते, तेव्हा मराठी कर्त्याला बाजूला ठेवते आणि "मला" पुढे करते: मला आवडते, मला मळमळते, मला वाईट वाटते. जर्मनही कितीतरी ठिकाणी हेच करते. "डास गेफेल्ट मिअर" म्हणजे ते मला आवडते. "मिअर इस्ट श्लेश्ट" म्हणजे मला मळमळते आहे. "एस टूट मिअर लाइट" हे जर्मनीत दिवसातून दहा वेळा ऐकू येणारे दिलगिरीचे वाक्य "मला वाईट वाटते" याच घडणीचे आहे. "वी गेट एस ईनन?" म्हणजे तुमचे कसे काय चालले आहे; त्यातही "ईनन" हे "तुम्हाला" आहे, आणि उत्तरात "मिअर गेट एस गूट" असे "मला" येते. यांतली बरीच वाक्ये अपवाद म्हणून पाठ करायला दिली जातात. मराठी माणसाने त्यांच्याकडे "मला"ची वाक्ये म्हणून पाहिले, तर निम्मे पाठांतर वाचते. जोडी सगळीकडे जुळत नाही, हेही खरे. "मला भूक लागली आहे" याला जर्मनमध्ये "इश हाबं हुंगर", म्हणजे माझ्याकडे भूक आहे, असे म्हणतात, आणि तिथे मिअर चालत नाही.

विभक्ती हा शब्द ऐकला की शाळेतला स-ला-ते आठवतो आणि मन घाबरते. जर्मनमध्ये विभक्ती चारच आहेत: कर्त्याची, कर्माची, "ला"ची आणि "चा-ची-चे"ची. मराठीत प्रत्यय नामाच्या शेवटी चिकटतो, तर जर्मनमध्ये बदल मुख्यतः नामाआधीच्या छोट्या शब्दात होतो. डेअर, डी, डास हे ते तीन शब्द. त्यांचा वापर निश्चित वस्तू दाखवण्यासाठी होतो, आणि लिंगही तेच सांगतात. "माणूस मुलाला सफरचंद देतो" हे वाक्य जर्मनमध्ये "डेअर मान गिप्ट डेम किंट डेन आपफल" असे होते. डेअर मान हा कर्ता आहे. डेम किंट म्हणजे मुलाला, कारण डासचे डेम झाले. डेन आपफल हे कर्म आहे, कारण सफरचंद जर्मनमध्ये पुल्लिंगी असल्याने डेअरचे डेन झाले. कर्माच्या विभक्तीत एकवचनी पुल्लिंगाखेरीज काहीच बदलत नाही. डी आणि डास तसेच राहतात. एवढे एक लक्षात ठेवले, तरी पहिल्या तीन महिन्यांतल्या अर्ध्या चुका टळतात.

विभक्तीतल्या ज्या भागाला सगळे कंटाळतात, तो म्हणजे विशेषणांचे प्रत्यय. इथे मराठीचा आधार सर्वांत मोठा आहे, आणि तो सहसा कोणी दाखवून देत नाही, म्हणून थोडे थांबतो. मराठीत चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगले मूल अशी तीन रूपे होतात. नामाला प्रत्यय लागला की मात्र हा भेद नाहीसा होतो: चांगल्या मुलाला, चांगल्या मुलीला, चांगल्या मुलांना. लिंग कोणतेही असो, वचन कोणतेही असो, विशेषण "चांगल्या" होऊन बसते. जर्मनमध्ये नेमके हेच घडते. डेअर, डी, डास यांच्या मागोमाग विशेषण आले की कर्त्याच्या एकवचनात ते "गूटं" असते. "ला"च्या आणि "चा"च्या विभक्तीत ते तिन्ही लिंगांना आणि अनेकवचनालाही "गूटन" होते: डेम गूटन मान, डेअर गूटन फ्राउ (बाईला; "ला"च्या विभक्तीत डीचे डेअर होते), डेम गूटन किंट. "चांगल्या"तला या आणि "गूटन"मधला न हे दोघे एकच काम करतात. शाळेत याला सामान्यरूप म्हणत. नुसता "आइन", म्हणजे "एक", आला किंवा आधी काहीच आले नाही, की नियम थोडा बदलतो, पण पाया हाच राहतो.

लिंगांच्या बाबतीत मराठी माणसाला एक गोष्ट पटवावी लागत नाही: निर्जीव वस्तूलाही लिंग असते आणि ते का असते असा प्रश्न विचारण्यात अर्थ नसतो. आपण भिंतीला ती, दगडाला तो आणि घराला ते म्हणतो, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. हिंदी भाषकाकडे दोनच लिंगे आहेत, म्हणून त्याला तिसऱ्यासाठी नवी जागा करावी लागते. आपल्याकडे ती तयार आहे. धोका इतकाच आहे की मराठीतले लिंग तसेच्या तसे जर्मन शब्दाला लावण्याचा मोह होतो. पुस्तक, घर आणि पाणी आपल्याकडे नपुंसकलिंगी आहेत आणि जर्मनमध्येही डास बूख, डास हाउस, डास वासर असेच आहेत, त्यामुळे सुरुवातीला उमेद वाढते. पुढे दूध "डी मिल्श" निघते, खुर्ची "डेअर श्टूल" निघते आणि सूर्य "डी झोनं", म्हणजे चक्क स्त्रीलिंगी निघतो. जेवणाच्या टेबलावरच पाहा: चमचा डेअर लोफल, काटा डी गाबल, सुरी डास मेसर. एका ताटाशेजारी तीन लिंगे मांडून ठेवलेली असतात. म्हणून शब्द कधीही एकटा पाठ करू नये. "मेसर" असे न लिहिता वहीत "डास मेसर" असेच लिहावे आणि मोठ्याने तसेच म्हणावे.

काही शेवट मात्र लिंग ठामपणे सांगतात. मराठीत "-ता"ने संपणारी मानवता, एकता अशी भाववाचक नामे स्त्रीलिंगी असतात, "-त्व"ची नपुंसकलिंगी असतात, आणि "-पणा"ची पुल्लिंगी असतात. त्याच चालीवर जर्मनमध्ये "-उंग", "-हाइट", "-काइट" आणि "-शाफ्ट" यांनी संपणारी भाववाचक नामे डी असतात, आणि "-शन" किंवा "-लाइन" हे लहानपणा दाखवणारे प्रत्यय लागले की शब्द डास होतो. म्हणूनच मुलीला "डास मेट्शन" म्हणतात, आणि यावर जगभरातले विद्यार्थी आश्चर्य करतात. मराठी माणसाने ते करण्याचे कारण नाही. वासरू, कोकरू, पिल्लू, लेकरू ही आपली लहानग्यांची नामे नपुंसकलिंगीच आहेत, आणि कोकणीत तर मुलीला "तें चेडूं" असेच म्हणतात. लहान आणि लाडके ते नपुंसकलिंगात टाकण्याची ही सवय दोन्हीकडे आहे.

जोडशब्दांची गोष्टही अशीच आहे. जर्मनमधले लांबलचक शब्द पाहून छाती दडपते, पण आपण शाळेत समास सोडवलेले असतात. देवघर या शब्दात देव पुल्लिंगी, घर नपुंसकलिंगी, आणि सबंध शब्द नपुंसकलिंगी आहे, कारण शेवटचे पद लिंग ठरवते. जर्मनमध्येही डास हाउस आणि डी ट्यूअर, म्हणजे घर आणि दार, मिळून "डी हाउसट्यूअर" होते, कारण शेवटी ट्यूअर आहे. अर्थही शेवटच्या पदापासून मागे वाचत गेले की उलगडतो. "क्रांकनहाउस" म्हणजे आजाऱ्यांचे घर, अर्थात रुग्णालय. "हांटशू" म्हणजे हाताचा जोडा. आपण त्यालाच हातमोजा म्हणतो. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिश फ्रोबेल यांनी 1840 साली लहान मुलांच्या शाळेला "किंडरगार्टन", म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. आपल्या बालवाडीतली वाडी नारळी-पोफळीच्या वाडीशी ताडून पाहिली, की दोन्ही शब्दांची घडण एकच दिसते.

सर्वनामांत एक छोटी पण मोलाची सोय आहे. "त्याची आई" आणि "तिचे वडील" असे म्हणताना मराठी दोन गोष्टी एकदम सांगते: मालक पुरुष की स्त्री, आणि मालकीची गोष्ट कोणत्या लिंगाची. इंग्रजी त्यांतली पहिलीच सांगते आणि हिंदी दुसरीच सांगते. जर्मन मराठीसारखीच दोन्ही सांगते: "झाइन फाटर" म्हणजे त्याचे वडील, "झाइनं मुटर" म्हणजे त्याची आई, "ईअर फाटर" तिचे वडील आणि "ईरं मुटर" तिची आई. इथे एका सापळ्याची कल्पना द्यायला हवी. आपण वडिलांबद्दल "बाबा आले आहेत" असे आदराने अनेकवचन वापरतो. जर्मनमध्ये समोरच्याशी बोलताना अनेकवचनी आदर चालतो, पण तिऱ्हाइताबद्दल बोलताना चालत नाही. "माझे वडील आले आहेत" याचे जर्मन एकवचनीच होते, आणि त्यात वडिलांचा अनादर नसतो. सवय होईपर्यंत मात्र जीभ अडखळते.

आता वाक्यरचनेकडे वळतो, कारण तीच सर्वांत अवघड मानली जाते. एक प्रयोग करून पाहावा. पुढचे वाक्य वहीत लिहावे: "इश हाबं गेस्टर्न मायनर मुटर आयनन ब्रीफ गेश्रीबन." आता दुसऱ्या जागेवरच्या "हाबं"वर बोट ठेवून ते झाकावे आणि उरलेले वाचावे: मी, काल, माझ्या आईला, एक पत्र, लिहिले. ही मराठी वाक्याचीच रांग आहे, शब्दाला शब्द जुळतो. दुसरे वाक्य घेऊ: "इश मुस मोर्गन फ्रू मायनन फाटर फोम बानहोफ आपहोलन." त्यातले "मुस" झाकले की उरते ते असे: मी, उद्या, सकाळी, माझ्या वडिलांना, स्टेशनवरून, घेऊन येणे. जर्मन वाक्याचा मूळ सांगाडा मराठीसारखा क्रियापदाने संपणाराच आहे. फरक एवढाच, की मुख्य वाक्यात कर्त्याप्रमाणे रूप बदलणारे क्रियापद उचलून दुसऱ्या जागी आणून ठेवावे लागते. दुसऱ्या जागी म्हणजे दुसरा शब्द नव्हे. "आज संध्याकाळी" हा सगळा गट मिळून पहिली जागा होते, त्याच्यामागे क्रियापद येते, आणि मग कर्ता.

गौण वाक्यात तर क्रियापद उचलण्याचीही गरज नसते. "कारण मला आज वेळ नाही" हे जर्मनमध्ये "वाइल इश हॉयटं कायनं त्साइट हाबं" असे होते, आणि क्रियापद मराठीसारखेच शेवटी बसते. काळ, रीत, स्थळ हा क्रमही आपलाच आहे: मी आज गाडीने म्युनिकला जातो, आधी केव्हा, मग कसे, मग कुठे. एका ठिकाणी मात्र मराठी दगा देते. "तो म्हणाला की मी येतो" असे म्हणताना आपण त्याचे शब्द त्याच्याच तोंडचे ठेवतो. जर्मनमध्ये "डास", म्हणजे "की", आले की "मी" ठेवून चालत नाही; "तो म्हणाला की तो येतो" असेच म्हणावे लागते. तसे केले नाही, तर येणारे तुम्ही आहात असा समज होतो.

भूतकाळाच्या रूपांत सहायक क्रियापद कधी "हाबन" (जवळ असणे) तर कधी "झाइन" (असणे; "त्याचे" या अर्थाचे झाइन वेगळे) येते. गेलो, आलो, पोहोचलो, राहिलो, झालो अशी जाण्यायेण्याची आणि स्थितीबदलाची क्रियापदे झाइन घेतात, आणि कर्म घेणारी क्रियापदे हाबन घेतात. मराठीत "मी गेलो" आणि "मी आंबा खाल्ला" यांत जो भेद आहे, पहिल्यात क्रियापद माझ्याप्रमाणे बदलते आणि दुसऱ्यात आंब्याप्रमाणे, तो इथे बऱ्याच वेळा वाट दाखवतो. पण झोपलो आणि हसलो यांना जर्मन हाबन लावते, तेव्हा हा आधार धरावा, पण त्यावर सगळा भार टाकू नये.

मराठीचा जिथे काहीच उपयोग होत नाही, तेही स्पष्ट सांगायला हवे. जर्मनमधली कितीतरी क्रियापदे दोन तुकड्यांची असतात आणि वाक्यात ती तुटतात. "आनरूफन" म्हणजे फोन करणे. पण "मी तुला उद्या फोन करतो" हे "इश रूफं डिश मोर्गन आन" असे होते आणि "आन" पार शेवटी जाऊन पडते. ते कानावर येईपर्यंत अर्थ नक्की झालेला नसतो, म्हणून ऐकताना घाई करून चालत नाही. काही क्रियापदांत तर आघाताने अर्थ फिरतो. "उमफारन" या शब्दात "उम"वर जोर दिला तर अर्थ गाडीने धडक देऊन पाडणे असा होतो, आणि "फा"वर जोर दिला तर वळसा घालून जाणे असा होतो. दुसरी अडचण "आत", "वर", "खाली" यांसारख्या जागा दाखवणाऱ्या नऊ अव्ययांची आहे. "स्वयंपाकघरात" हा आपला एकच शब्द जाण्यालाही चालतो आणि असण्यालाही चालतो. जर्मनमध्ये आत जात असाल तर "इन डी क्यूशं", आणि आत असाल तर "इन डेअर क्यूशं". हालचाल असेल तर कर्माची विभक्ती, नसेल तर "ला"ची, हे प्रत्येक वेळी मनात विचारावेच लागते.

अनेकवचनालाही एक नियम नाही, पण त्याबद्दल तक्रार करण्याआधी वीट-विटा, भिंत-भिंती, आंबा-आंबे, दगड-दगड ही आपली रूपे आठवावीत.

आकड्यांत पुन्हा घरी आल्यासारखे वाटते. इंग्रजीच्या सवयीने पाहणाऱ्याला जर्मन संख्या उलट्या दिसतात, कारण एकक आधी आणि दशक नंतर येते: "आइन-उंट-त्स्वान्त्सिश", एक आणि वीस. आपलेही एकवीसच आहे. बावीस, चौतीस, पंचावन्न या सगळ्यांत आपण एकक आधी बोलतो. उलट एकोणतीस, एकोणचाळीस यांत आपण पुढच्या दशकातून एक वजा करतो. जर्मन ते करत नाही, सरळ "नऊ आणि वीस" म्हणते.

घड्याळाची गंमत याहून खोल आहे. जर्मनमध्ये "हाल्प ड्राय" म्हणजे शब्दशः "अर्धे तीन", पण वेळ असते अडीचची. साडेतीन समजून तासभर उशिरा पोहोचणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. पण आपला "अडीच" हा शब्दच संस्कृतातल्या "अर्धतृतीय" या शब्दापासून आला आहे, म्हणजे ज्यातला तिसरा अर्धाच आहे असे. दोन पूर्ण झाले, तिसऱ्यातला अर्धा सरला, हाच हिशेब दोन्ही भाषांनी केला आहे. दीडला जर्मनमध्ये "आंडर्टहाल्प" म्हणतात, त्यातही दुसरा अर्धा असाच जुना अर्थ आहे. सव्वादोन म्हणजे "फिअर्टल नाख त्स्वाय", दोननंतर पाव; पावणेतीन म्हणजे "फिअर्टल फोअर ड्राय", तीनला पाव कमी. साडेतीन मात्र "हाल्प फिअर", अर्धे चार, हे आवर्जून लक्षात ठेवावे.

ही साम्ये सगळीच योगायोगाची नाहीत. दोन्ही भाषा एकाच मोठ्या कुळातल्या आहेत. ट्यूअर आणि दार, नामं आणि नाम, ड्राय आणि त्रि, इस्ट आणि अस्ति, झिंट आणि सन्ति हे शब्द एकाच मुळाचे आहेत. पुण्या-मुंबईतल्या जर्मन शिकवणाऱ्या माक्स म्युलर भवनाला ज्यांचे नाव आहे, ते डेसाउ गावात 1823 साली जन्मलेले पंडित ऋग्वेदाच्या संपादनासाठी ओळखले जातात. अडीचसारखी इतर साम्ये दोन्हीकडे स्वतंत्रपणे घडलेली असू शकतात, पण शिकणाऱ्याला त्यांचा उपयोग तितकाच होतो.

उच्चारांतही एक देणगी आपल्याकडे आहे. जर्मन वर्णमालेतले शेवटचे अक्षर "त्स" असे उच्चारले जाते, आणि पुष्कळ परदेशी विद्यार्थी तिथे अडतात. मराठीत "चार"मधला च वेगळा आणि "चूक", "चोर" यांतला च वेगळा. हा दुसरा च म्हणजेच जर्मनमधला त्स. साखरेला "त्सुकर" म्हणताना "चूक"चा च लावावा, म्हणजे उच्चार थेट बरोबर येतो. "झी", "झोनं" यांतल्या झ साठी "जोर"मधला ज जवळचा आहे. ओठ गोल करून म्हणायचे दोन स्वर मात्र आपल्याकडे नाहीत. एकासाठी ओठ "ऊ"चे ठेवून जीभ "ई" म्हणते आणि दुसऱ्यासाठी ओठ "ओ"चे ठेवून जीभ "ए" म्हणते, असा सराव आरशासमोर करावा लागतो.

माणसामाणसांतले अंतर भाषेतून कसे दिसते, हे आपल्याला शिकवावे लागत नाही. "डू" म्हणजे तू आणि "झी" म्हणजे तुम्ही किंवा आपण. जर्मनमध्ये यासाठी स्वतंत्र क्रियापदे आहेत: "डूत्सन" म्हणजे अरे-तुरे करणे आणि "झीत्सन" म्हणजे अहो-जाहो करणे. झीवरून डूवर येण्याचा प्रस्ताव वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या असलेल्याने करायचा असतो, धाकट्याने नाही. देवाला दोन्ही भाषा एकेरीतच हाक मारतात. घरात मात्र जर्मन आपल्याहून मोकळी आहे. तिथे आजोबांना, सासऱ्यांनाही डूच म्हणतात. ऐंशी वर्षांच्या गृहस्थांना तू म्हणताना मराठी मनाला जो संकोच होतो, तो मी पुष्कळांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे.

पुस्तकी जर्मन आणि घरगुती जर्मन यांत फरक पाडतात ते "डोख", "माल", "या", "डेन" असे बारके शब्द. शब्दकोशात त्यांचा अर्थ शोधला तर हाती फारसे लागत नाही. मराठीत ठेवून पाहिले की ते लगेच बोलू लागतात. "कोम डोख!" म्हणजे "ये ना!" "कोम माल हेअर" म्हणजे "जरा इकडे ये." "डास इस्ट या शोन!" म्हणजे "छानच आहे की हे!" "वास माख्स्ट डू डेन डा?" म्हणजे "काय करतोयस रे तिथे?" आणि कोणी "येणार नाहीस?" असे विचारले, तर नुसते "डोख!" हे उत्तर म्हणजे आपले "येणार की!" आपला ना, की, रे, जरा यांचा अर्थ परक्याला सांगायला आपल्यालाही जड जाते, पण ते नसले तर वाक्य कोरडे वाटते, हे आपल्याला कळते.

इंग्रजीच्या वळशाचा आणखी एक तोटा सारख्या दिसणाऱ्या शब्दांत होतो. जर्मनमध्ये "गिफ्ट" म्हणजे विष, "राट" म्हणजे सल्ला, "शेफ" म्हणजे साहेब, "हँडी" म्हणजे मोबाइल, आणि "बेकोमन" म्हणजे मिळणे. वाक्प्रचारांनाही मराठीतच जोडी शोधावी. "इश फेरश्टेअं नूर बानहोफ", मला फक्त स्टेशन कळते, याचा अर्थ "मला ओ की ठो कळले नाही." "डा लीक्ट डेअर हुंट बेग्राबन", तिथे कुत्रा पुरलेला आहे, म्हणजे "खरी गोम तिथेच आहे." "डास इस्ट मिअर वुर्स्ट" म्हणजे "मला त्याचे सोयरसुतक नाही", आणि त्यातही तेच "मला" आहे. नाक भरले आहे असा एक वाक्प्रचार आहे. तो ऐकून "नाकी नऊ आले" आठवते, पण त्याचा अर्थ "वीट आला" असा आहे. जोडी अवयवावरून लावू नये, अर्थावरून लावावी.

शेवटी बेकरीतला एक साधा व्यवहार. काउंटरमागची बाई विचारते, "बिटं?" म्हणजे "काय देऊ?" आपण म्हणावे, "इश हेटं गेर्न त्स्वाय ब्रोट्शन." हे "हेटं" भूतकाळाच्या रूपातून घडलेले आहे, पण त्यात भूतकाळाचा अर्थ नाही, नम्रता आहे. आपण दुकानात "दोन पाव हवे होते" असे म्हणतो, ते हेच. "इश वोल्टं झी एट्वास फ्रागन" यातही "मला जरा विचारायचे होते" हाच मार्दवाचा भूतकाळ आहे. बाई पिशवी पुढे करत पुन्हा "बिटं" म्हणते, त्याचा अर्थ आता "घ्या" असा असतो. आपण "डांकं" म्हटले की ती तिसऱ्यांदा "बिटं" म्हणते, आणि त्याला मराठीत नेमका शब्द नाही. तिथे आपण नुसती मान हलवतो किंवा हसतो. आणखी काही हवे का असे तिने विचारले आणि नको असेल, तर "डास वेअर्स" म्हणावे. मराठीत आपण म्हणतो, "झालं, एवढंच."